रकाना सतरा

फॉर्मवर छापलं होतं :
अपानवायूचे प्रथम निःसारण, तासांत.
पहिल्याच दिवशी बोरस्तेआजोबांना विचारलं.
ते म्हणाले, ताई, सातपूरला चाळीस वर्षं लेथ चालवली मी,
एवढं मोठं काही माझ्याकडून झालेलं नाही.
तेव्हापासून मी विचारते,
वारा सरला का?

चाचणी साधीच.
पोट शिवून झालं की निम्म्यांना
दिवसातून तीनदा च्युइंगम चघळायला द्यायचं,
निम्म्यांना नाही.
जबडा हलला की आतड्याला वाटतं जेवण येतंय
आणि ते जागं होतं म्हणे.
थोडक्यात, फसवायचं त्याला.
कुणाला द्यायचं ते डॉक्टर ठरवत नाहीत, मीही नाही,
कपाटातला बंद लिफाफा ठरवतो.

एकतिसावा लिफाफा सोमा भोये यांचा.
सुरगाण्याहून दोन एसट्या बदलून आलेले,
आतड्याचा वीतभर तुकडा
खाली लॅबमध्ये, बरणीत,
बाकीचे ते खाट नंबर नऊवर.
लिफाफ्यात निघालं : नाही.

आठ नंबरवर पिंपळगावचे मोगल,
द्राक्षांचे व्यापारी, डोळे मिटून चघळत पडलेले.
चंदरीबाई दिवसभर त्यांचा जबडा बघत बसल्या.
संध्याकाळी म्हणाल्या, त्याला ती गोळी, आमच्या माणसाला का नाही?
चिठ्ठी तशी निघाली, मी सांगितलं.
चिठ्ठी कोणी टाकली?
माहितीपत्रकाची चार पानं आहेत, सोप्या मराठीत, मीच केलेली.
रात्री घरी पुन्हा वाचून काढली.
नाही त्यात.

मोगल एकेचाळीस तासांत मोकळे झाले,
आणि भाच्याला फोन करून सांगितलंही, स्पीकरवर.
नऊ नंबरच्या नाकातली नळी
पिशवीत हिरवं पाणी सोडत राहिली.
डॉक्टर तांबोळी पोटावर स्टेथोस्कोप ठेवून
पुरी दोन मिनिटं उभ्या राहायच्या,
बंद घराच्या दाराला कान लावावा तशा.
खिडकीबाहेर द्वारकेच्या सर्कलवर
आख्खं नाशिक हॉर्न वाजवत होतं.

माझ्या पर्समध्ये एक पाकीट होतं, मोजणीत जास्तीचं आलेलं.
बहात्तराव्या तासाला ते हातात घेतलं.
परत ठेवलं.
हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही,
डॉक्टर तांबोळींनाही.

चौथ्या दिवशी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी
चंदरीबाई टेबलाकडे धावत आल्या,
अनवाणी, पदर तोंडात कोंबलेला.
अपान म्हणाल्या नाहीत, वारा म्हणाल्या नाहीत.
पदर काढला आणि सरळ म्हणाल्या,
पादला!
काळोखात कुणीतरी हसलं. मग टाके असलेले सगळेच,
पोटाला उशी धरून, आई गं आई गं करत.
सिस्टरनं लाइट लावला नि रागवायची विसरली.
मी सतराव्या रकान्यात लिहिलं : ९१.
नऊचा आकडा जरा हललाय.

निकाल यायला वर्ष गेलं.
गटांत फरक आहे, पण लक्षणीय नाही.
आकडेवारीचे सर म्हणाले,
हा एकतीस नंबर फारच लांब गेलाय,
वगळून बघू, काय होतं ते.
डॉक्टर तांबोळी चहा ढवळत होत्या.
तो गेला होता खरा लांब, म्हणाल्या. राहू द्या.

तिसाव्या दिवसाचा फोन मात्र आठवतो.
रेंजसाठी सोमा टेकाडावर चढले होते.
जेवण? भाकर, नागलीची.
पोट साफ? हो.
वेदना, शून्य ते दहामध्ये किती?
ते नुसतेच हसले, मग बोलू लागले काहीतरी,
पण मला ऐकू येत होतं फक्त वारं,
डोंगरावरचं, भरारा, शब्दांवरून जाणारं.
फॉर्म भरून झाला होता.
तरी मी फोन कानाला लावून राहिले,
दोन मिनिटं असतील.